मास्तरांनी वाढविलेला खेळ

श्रोतेहो, आज फुटबॉलविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. पण मोठ्या शहरांतला, तिकीट काढून पाहायचा फुटबॉल मला सांगायचा नाही. दिवसभर शाळा, शेत, दुकान किंवा नोकरी सांभाळून, एका पैशाचीही अपेक्षा न ठेवता संध्याकाळी तासभर जो खेळला जातो, त्या हौशी फुटबॉलची ही हकिकत आहे. कुस्तीला आपल्याकडे संस्थानिकांचा आश्रय होता. क्रिकेटच्या इतिहासात राजेरजवाडे आणि नवाब जागोजागी भेटतात. फुटबॉल या देशात आणला गोऱ्या पलटणींनी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांनी. मात्र पलटणीच्या मैदानावरून तो गल्लीत आणि खेड्यात पोहोचला, तो पुष्कळ ठिकाणी एखाद्या शिक्षकाच्या हाताला धरून. हे ध्यानात आले म्हणजे या खेळाचा इतिहास आपल्याला थोडा निराळा दिसू लागतो.

कलकत्त्यापासून सुरुवात करू. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाचा एक शाळकरी मुलगा. १८७७ साली त्याने गोऱ्या शिपायांचा खेळ पाहिला, आणि आपल्याकडे आलेला चेंडू पायाने परत मारला, अशी हकिकत सांगतात. पोराला नाद लागला. हेअर स्कूलमधल्या सोबत्यांकडून वर्गणी गोळा करून त्याने चेंडू विकत आणला. पण तो निघाला रग्बीचा लांबोडा चेंडू! पोरे आपली त्यालाच लाथा मारीत राहिली. तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजातील स्टॅक नावाचे गोरे प्राध्यापक पुढे झाले. त्यांनी मुलांना खरा फुटबॉल मिळवून दिला आणि खेळाचे नियम शिकविले. बंगालच्या एवढ्या मोठ्या फुटबॉलचे हे बी. मुलाचा हट्ट आणि मास्तरांची सवड, एवढ्यावर ते रुजले.

गोव्यातही तेच. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री बार्देशातील शिवोली गावी आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना फुटबॉल दाखविला. पुढे १८८७ साली त्यांनी हडफडे येथे सेंट जोसेफ ही शाळा काढली आणि खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला. गोव्याच्या गावोगावी आज जो फुटबॉल दिसतो, त्याचा धागा त्या शाळेच्या अंगणापर्यंत जातो.

काश्मीरची गोष्ट जरा वेगळी, बरं का. टिंडेल-बिस्को हे श्रीनगरच्या मिशन शाळेचे मुख्याध्यापक. १८९१ साली त्यांनी मुलांपुढे चामड्याचा चेंडू ठेवला. मुले उच्चवर्णीय पंडितांची. चामड्याला पाय लावायला ती तयार होईनात. बिस्कोसाहेबांनी मास्तरांच्या हाती काठ्या देऊन मुलांना मैदानात उतरविले, आणि खेळ झाला! आजच्या शिक्षकाने काठीचा हा धडा मुळीच घेऊ नये. पण त्या चेंडूबरोबर एक जुनी शिवाशीवही मैदानात आली आणि पायाखाली गेली, हे विसरता येत नाही.

आता आपल्या तापीकाठाकडे वळू. माझ्या तरुणपणी नंदुरबार हा जिल्हा नव्हता. धुळे जिल्ह्यातला तो एक तालुका होता. नवा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. साठ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक ड्रिल मास्तर होते, आणि कपाटात एक चेंडू होता. तो चेंडू म्हणजे एक प्रकरणच होते! बाहेरून चामड्याचे कवच, आत रबरी ब्लॅडर. सायकलवाल्याकडे जाऊन त्यात हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्याने करकचून बांधायची, ती आत दडपायची आणि वरून चामड्याच्या वादीने तोंड आवळायचे. ती वादी नेमकी कपाळावर बसली, की दोन दिवस वळ राही. पावसात चेंडू पाणी पिऊन असा जड होई, की लाथ मारणाऱ्याचाच पाय दुखावा. म्हणून खेळ संपल्यावर तो पुसून, सावलीत वाळवून, तेल चोळून ठेवणे ही पाळीपाळीची कामगिरी असे.

जमीन आपली काळी. पाऊस पडला, की एकेका पायाला शेरभर चिखल. तेव्हा पावसाळ्यात मुरमाड माळ शोधायचा आणि सुगी झाल्यावर मोकळ्या रानात उतरायचे. दोन बांबू उभे केले, वर सुतळी ताणली, की गोल तयार. बूट? बूट कशाले, पाय शेतस ना! असे आमचे अहिराणी उत्तर असे. शेजारच्या गावाशी सामना ठरला, तर नारळ आणि गूळ हे बक्षीस. संघात वाण्याचा मुलगा असे, हमालाचा असे आणि वसतिगृहात राहणारा भिलाचाही असे. खेळ संपल्यावर एकाच घागरीतले पाणी सगळे पीत. त्याबद्दल ड्रिल मास्तरांनी कधी भाषण केले नाही. घागर एकच ठेवली, इतकेच.

अनवाणी खेळण्याचे आम्हाला काहीच वाटत नसे, कारण तशी मोठी परंपराच होती. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरा जणांपैकी दहा अनवाणी होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक गडी अनवाणीच खेळले. फ्रान्सकडून आपण २–१ असे हरलो, आणि तेही दोन पेनल्टी वाया गेल्या म्हणून.

या लंडनच्या संघाचे कर्णधार कोण होते? डॉ. तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतील चांगकी गावचे, एका पाद्र्याचे चिरंजीव. कलकत्त्यास डॉक्टरी शिकत होते आणि मोहन बागानकडून खेळत होते. ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या संचलनात भारताचा झेंडा त्यांच्या हाती होता. पुढे त्यांनी फुटबॉलवर पोट भरले नाही. डॉक्टर होऊन ते आपल्या डोंगरात परतले आणि रुग्णसेवा केली. हौशी खेळाडू म्हणजे काय, हे कोणी विचारले तर मी हे नाव सांगतो. खेळाने त्यांचा अभ्यास बुडविला नाही आणि अभ्यासाने खेळ सोडायला लावला नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो अजून वर्गावर्गांत सांगितला जातो. १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषकाला भारत गेला नाही, तो अनवाणी खेळू देईनात म्हणून, असे म्हणतात. गोष्ट चटकदार आहे, पण ते खरे कारण नव्हे. लांबचा समुद्रप्रवास, सरावाला अपुरा वेळ, संघनिवडीतले मतभेद अशी कारणे होती. आणि मुख्य म्हणजे आपल्या संघटकांना विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकचे महत्त्व अधिक वाटत होते. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंसाठीच होते. बुटांचा धडा आपण शिकलो तो नंतर. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे हरविले, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

या पराभवातून संघ उभा केला तो एका शाळाशिक्षकाने. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. हैदराबादच्या शाळांतून शिकविता शिकविता ते फुटबॉलकडे वळले. १९४३ पासून तेथील फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा १८९१ साली गोऱ्या पलटणींसाठी सुरू झालेली. तिथे हैदराबादचे पोलीस शिपाई पाच वर्षे धनी होऊन बसले!

रहीमसाहेबांची शिकविण्याची रीत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. ते निरनिराळ्या नियमांचे सामने भरवीत. एखादा सामना फक्त कमजोर पायाने खेळायचा. म्हणजे उजवखोऱ्याने डावा पाय वापरायचा. एखाद्यात चेंडू जवळ घोळवीत न ठेवता लगेच पुढे द्यायचा. यात खर्च काय? काहीच नाही. पण मुलाचा आळशी पाय कामाला लागतो आणि आपमतलबी गडी दुसऱ्याकडे पाहायला शिकतो.

या मास्तरांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणवर १–० असा विजय मिळवून सुवर्णपदक घेतले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून आपण चौथे आलो. त्या सामन्यात तीन गोल केले मुंबईकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझा यांनी. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक आले. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्याला पुन्हा मिळाले नाही.

म्हणजे सारे एका माणसावरच अवलंबून असते काय? एकटा मास्तर गेला, बदलून गेला, की खेळ थांबतो, हा अनुभव खेड्यापाड्यांत पुष्कळांना आहे. यावर उपाय कोल्हापूरने काढला. तिथे फुटबॉल शाळेपुरता राहिला नाही. तो पेठेचा झाला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या संघांची नावे पाहा. तालीम म्हणजे मुळात लाल मातीचा आखाडा. कुस्तीच्या आखाड्याने परदेशी खेळ आपल्या मांडीवर घेतला! शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला, की हजारो माणसे लोटतात. थोरला भाऊ खेळायचा थांबला, की धाकटा उभा राहतो. मास्तर कोणी असो, नसो, पेठ आपला संघ मोडू देत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या गावात लहान पोराला आधी मैदान दिसते आणि मग खेळणारी माणसे दिसतात, तिथून असा मुलगा पुढे आला तर नवल नाही.

आणि मैदानही नसेल तर? नागपूरचे उदाहरण आहे. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतील मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. २०२२ साली ‘झुंड’ हा नागराज मंजुळे यांचा हिंदी चित्रपट त्यावरच आला. बादली पुष्कळांनी पाहिली असेल. थांबून चेंडू देणारा शिक्षकच निघाला.

मुलींचे काय, असेही कोणी विचारील. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्यातले काही सामने आपल्या नवी मुंबईत झाले. भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडातील गुमला जिल्ह्याच्या एका खेड्यातली, मजुरी करणाऱ्या आईबापांची आदिवासी मुलगी. आपले सामने आपण हरलो, हे खरे. पण गुमल्यातल्या खेड्यातून जी वाट निघाली, ती धडगावातून, मोलगीतून का निघू नये? २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत. आश्रमशाळांत मुले-मुली एकत्र राहतात. संध्याकाळ त्यांच्या हाती असते. खेळाला लागणारी पहिली गोष्ट वेळ, आणि ती तिथे आहे.

नियमाप्रमाणे गोल चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच लागतो, मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब लागते. पण लहान मुलांना सात-सात जणांचा सामना अर्ध्या मैदानातही रंगतो. माळावरचे दगड वेचावेत, बांबू रोवावेत, चेंडूची किंमत गावाने वर्गणीतून उचलावी. पुढचे काम मोठ्यांचे. शाळा सुटल्यावर मुलांचा खेळही सुटतो. दहावी झाली, की चेंडू कायमचा मागे पडतो. तो सुटू नये म्हणून गावच्या तरुण मंडळाने गणपतीची वर्गणी जमवावी तशी संघाची जबाबदारी घ्यावी. कोल्हापूरच्या पेठांनी जे केले, ते शहाद्याच्या, तळोद्याच्या, नवापूरच्या आळ्यांना जमणार नाही, असे म्हणायला काही कारण नाही.

गुरुजनहो, तुमच्या शाळेतून ऑलिंपिकचा खेळाडू निघेलच असे कोणी सांगू शकत नाही. पण पंचवीस मुले रोज तासभर एकमेकांना चेंडू देत राहिली, तर दहा वर्षांत गावात एकमेकांना ओळखणारी, हरल्यावर हात मिळविणारी माणसे तयार होतात. एवढ्या फळासाठी शाळेच्या कपाटाची किल्ली संध्याकाळी एक तास उघडी ठेवणे महाग नाही.