घाणा थांबतो तो दिवस

अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यातल्या गावांत एके काळी तेल्यांची ओळख वारावरून व्हायची. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या माणसांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरेनं चालत आलेली कथा. पोथ्या समुद्रानं नेल्या. पुढच्या पिढ्यांनी मराठी आपली केली, गावांवरून केहिमकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावं लावली, हिब्रू बहुतेक विसरली. सुंता, शमाची प्रार्थना, माशांतला खाण्याजोगा कुठला नि वर्ज्य कुठला याचे नियम एवढं राहिलं. आणि राहिला शनिवार.

शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबायचा. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं निघायची, मानेवरचं जू उतरायचं आणि शनिवारी सूर्य बुडेपर्यंत ते पुन्हा चढत नसे. शेजारीपाजारी सगळे आपापल्या कामात असताना एका घरानं आठवड्यातून एक दिवस धंदा बंद ठेवायचा, गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, हे पोट हातावर असलेल्या माणसासाठी लहान नव्हे. पाठीशी ग्रंथ नव्हता, रब्बी नव्हता, सभास्थान नव्हतं. तरी दिवस टिकला, कारण तो सगळ्या घरांनी मिळून पाळला. आजच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, विसाव्याबद्दल बोलताना मला आधी हे तेली आठवतात. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, एकट्यानं पाळता येत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

या दिवसाचा माग घेत मागे गेलं की सिनाय पर्वतापाशी पोचण्याआधीच तो भेटतो. मिसर देशात इस्राएली लोक विटा पाडत होते. रजा मागितली तेव्हा फारोनं उत्तर दिलं की हे लोक आळशी झालेत. मग भुसा देणं बंद केलं आणि विटांची संख्या तेवढीच ठेवली. तिथून सुटलेली माणसं रानात आली तेव्हा त्यांना खायला मान्ना मिळाला. रोजचा रोज गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि सातव्या दिवसासाठी ठेवलेला नासत नसे. पिढ्यान् पिढ्या मोजून विटा देणाऱ्यांना आज हात न हलवताही पोट भरेल यावर विश्वास ठेवायला शिकवायचं होतं. आज्ञेच्या पाट्या नंतर आल्या, सराव आधी झाला.

दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं आहे. निर्गमाच्या 20व्या अध्यायात कारण सृष्टीचं: देवानं सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या 5व्या अध्यायात कारण गुलामीचं: तू स्वतः मिसरात दास होतास, हे विसरू नकोस. म्हणून तू थांबायचं, आणि तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा, सगळ्यांनी थांबायचं. मला दुसरं कारण अधिक हलवतं. या आज्ञेचा रोख ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याच्याकडे आहे. बैलाला आज्ञा ऐकवून काय उपयोग? जू ज्याच्या हातात आहे त्यालाच ती सांगायला हवी. निर्गमाच्या 34व्या अध्यायात तर आणखी कडक अट आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा सातव्या दिवशी काम बंद. पेरणीच्या घाईत वाफसा आलेला असताना औत सोडून ठेवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

सगळ्यांना हे आवडत होतं असं मुळीच नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात आमोस संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो, ते शब्बाथ कधी संपतो आणि धान्याची दुकानं कधी उघडतो याची वाट पाहत बसलेले आहेत, माप लहान करून आणि काटा खोटा ठेवून. बाबेलच्या बंदिवासात मंदिर गेलं, राज्य गेलं, आणि सोबत नेता येण्याजोगा दिवस तेवढा उरला. लोक तिथून परतल्यानंतर नहेम्या या कारभाऱ्यानं यरुशलेमेत पाहिलं तर शब्बाथाच्या दिवशीच द्राक्षकुंडं तुडवली जात होती, गाढवांवर धान्य लादलं जात होतं आणि सोर शहरचे लोक मासळी विकत होते. त्यानं अंधार पडायच्या आत वेशीचे दरवाजे लावून घेतले. व्यापारी एकदोनदा भिंतीबाहेर मुक्काम ठोकून राहिले. त्यानं दम भरला तेव्हा यायचे थांबले. बाजार बंद ठेवायचा तर दरवाजाच बंद करावा लागतो, एकेकाच्या मनावर सोडून चालत नाही, हे त्या कारभाऱ्यानं ओळखलं होतं.

पुढे नियम वाढले. नंतर लिहून निघालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात तर 39 प्रकारची कामं वर्ज्य ठरली. येशूचा वाद झाला तो या वाढत्या कुंपणापाशी. शिष्यांनी भुकेपोटी कणसं मोडली, त्यानं स्वतः शब्बाथ दिवशी वाळल्या हाताच्या माणसाला बरं केलं. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या एका बाईला त्यानं सरळ उभं केलं तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. येशूनं त्याला विचारलं, शब्बाथ दिवशी तुम्ही बैल, गाढव दावणीतून सोडून पाण्यावर नेता ना? मग हिची गाठ का सोडू नये? दिवस मोडीत काढावा असं त्याच्या बोलण्यात नव्हतं. दिवस कुणासाठी आहे, एवढंच तो आठवण करून देत होता.

त्याच्या मागून आलेली मंडळी आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पुनरुत्थानाच्या दिवशी, एकत्र येऊ लागली. आपण विसरतो की तो सुट्टीचा दिवस नव्हता. सन 112च्या सुमारास रोमन सुभेदार धाकट्या प्लिनीनं सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांबद्दल कळवलं आहे: हे एका ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला गीत गातात, आणि नंतर पुन्हा जेवायला एकत्र येतात. उजाडायच्या आत, कारण उजाडल्यावर यातल्या कित्येकांना धन्याच्या कामावर हजर व्हायचं असणार. त्यांच्यात दास होते, आणि ज्या दोघींना प्लिनीनं छळ करून बोलतं केलं त्या मंडळीतल्या सेविकाही दासीच होत्या. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिननं अशा सभेचं सविस्तर वर्णन केलं. वाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवतात. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे लोक यांच्यासाठी ठेवलं जातं. या सभेत शरीराला विसावा फारसा नव्हता, पण धन्याच्या शेजारी दास बसून एकाच भाकरीचा तुकडा घेत होता. जुन्या आज्ञेचा गाभा तिथं जिवंत होता.

त्याच रोममध्ये, आधीच्या शतकात, सेनेका हा तत्त्वज्ञ यहुद्यांची चेष्टा करून गेला होता: हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा रिकामटेकडेपणात घालवतात. फारोचीच तक्रार, फक्त भाषा सुसंस्कृत.

रविवारी सक्तीची सुट्टी आली ती मार्च 321मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या फर्मानानं. न्यायालयं, शहरी लोक, कारागीर यांनी सूर्याच्या वारी काम बंद ठेवावं. शेतीला मात्र सूट. पेरणीची, द्राक्षवेल लावण्याची वेळ चुकू नये म्हणून. शहाणपणाचा वाटावा असा हा अपवाद मला खटकतो. नांगरणीतही थांबा असं ज्या आज्ञेनं सांगितलं, तिचा वारसा सांगणाऱ्या दिवसानं सगळ्यात जास्त राबणाऱ्या शेतमजुरालाच वगळलं. त्याच शतकात लावदिकियाच्या धर्मसभेनं ख्रिस्ती माणसानं शनिवारी विश्रांती न घेता काम करावं असाही नियम केला. इथिओपियाच्या चर्चनं हे शेवटी मानलं नाही. तिथं शनिवारही पवित्र मानणाऱ्या मठवासीयांचा छळ झाला, पण 1450च्या धर्मसभेत सम्राट झरा याकोबनं दोन्ही दिवसांना मान्यता दिली.

शनिवार आणि रविवार यांतली ही तेढ आपल्या किनाऱ्यावर फार क्रूर रूपात उतरली. गोव्यात 1560मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. पोर्तुगीज इन्क्विझिशन छुपे यहुदी ओळखण्याच्या खुणा जाहीर करत असे: शुक्रवारी घर झाडणं, शनिवारचा स्वयंपाक शुक्रवारीच उरकणं, शनिवारी धुतलेले कपडे घालणं, शुक्रवारी संध्याकाळी दिव्यात नवी वात घालून तो आपोआप विझेपर्यंत तेवत ठेवणं. शेजाऱ्यानं हे पाहावं आणि कळवावं. गोव्यात राहून भारतातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता 1568मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळली गेली, आणि 1580मध्ये खुद्द त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. विसाव्याचा दिवस चर्चनंच पहाऱ्याचा केला, हे ख्रिस्ती माणसानं डोळे न चुकवता वाचायला हवं. त्याच कोकणपट्टीत उत्तरेकडे शनवार तेल्यांना मात्र त्यांच्या दिवसासाठी कुणी हात लावला नाही.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं पुढे मुंबईत घडलं.

परळ-लालबागच्या गिरण्यांत उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत साचे चालायचे. सणाची सुट्टी मिळाली तर मिळाली, आणि सुट्टीतही यंत्रं पुसायला बोलावणं यायचं. सत्यशोधक चळवळीतले, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेलं, आणि त्यातली पहिली मागणी होती दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई या त्यानंतरच्या. कामगार कामात चुकारपणा करतात, आवारात रेंगाळतात, हा मालकांचा सूर चौकशांमध्ये पुन्हा पुन्हा निघत राहिला. फारो आणि सेनेका यांची गाठ गिरणगावात अशी पडली. 24 एप्रिल 1890ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891च्या फॅक्टरी कायद्यानं कारखान्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी दिली.

जमलेल्यांत ख्रिस्ती असतील ते मूठभर. रविवार खंडोबाचाही वार, त्यामुळे तो परका वाटायचं कारण नव्हतं. पण मला यात आज्ञेचा दुसरा पाठ ऐकू येतो, दास होतास म्हणणारा. मिशनच्या चर्चमध्ये रविवारच्या पावित्र्यावर उपदेश चालू होते तेव्हा त्याच शहरात गिरणीतल्या माणसाला रविवार मिळवून दिला तो एका सत्यशोधकानं. मराठी मंडळींनी 10 जून आपल्या दिनदर्शिकेत का नोंदवू नये?

दिवस मिळाला, तो सर्वांचा एकच मिळाला, हेही मोलाचं. सोव्हिएत रशियात 1929पासून कारखाने अखंड चालावेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणला गेला आणि कामगारांना गटागटानं वेगवेगळे सुट्टीचे वार दिले. एकूण सुट्ट्या वाढल्या. पण बाप घरी तेव्हा आई कारखान्यात आणि पोरं शाळेत. लोक कुरकुरले, यंत्रंही बिघडू लागली, आणि 1940मध्ये रविवार परत आला. आज पुण्या-मुंबईच्या मंडळीत हेच पाहतो. कुणाची आयटीची शिफ्ट, कुणाची मॉलमधली नोकरी, कुणी मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो. सुट्टी सगळ्यांना आहे, एकाच वेळी कुणालाच नाही.

पुण्यातच सगळ्यांनी एकाच वेळी थांबण्याची एक जागा आहे, औंध रस्त्यावरचं स्पायसरचं आवार. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीचं हे कॉलेज 1942मध्ये पुण्यात आलं. शुक्रवारी सूर्यास्तापासून तिथं शब्बाथ लागतो: अभ्यास बंद, दुकान बंद, स्वयंपाक आधीच झालेला. त्यांच्या शिकवणुकीशी सहमत नसलेल्यांनीही एक गोष्ट उचलावी. ते आदल्या दिवशी तयारी करतात. विसावा आयता येत नाही, त्यासाठी कुणाला तरी आधी काम संपवावं लागतं, आणि तिथं ते सगळे मिळून संपवतात.

आमच्याकडचा रविवार बघा. सकाळी उपासना; पेटी-तबल्यावर 'उपासना संगीत'मधली गीतं सुरू झाली की आठवडाभराचा शीण खरोखर उतरतो. शेजारच्या बाकावरची म्हातारी आपल्याहून मोठ्यानं गाते, आपला आवाज तिच्या आवाजात मिसळतो आणि मन हलकं होतं. घरी मोबाइलवर तेच गीत लावून हे होत नाही. पण आशीर्वाद झाला की संडे स्कूल, मग तरुण संघ, मग महिला मंडळ, मग कमिटीची मीटिंग आणि हिशेबावरून वाद. पाळकांच्या तीन सभा. संध्याकाळी माणूस सोमवारपेक्षा जास्त दमलेला. मीटिंगा शनिवारी घ्या, महिन्यातून एकदा उपासनेनंतर प्रीतिभोजन ठेवा, जेवण पुरुषांनी रांधावं, वाढावं, भांडी घासावीत. नर्सिंगमधल्या मुलींची रविवारी ड्यूटी असते, त्यांच्यासाठी संध्याकाळी छोटी उपासना ठेवा आणि जस्टिनच्या मंडळीसारखा त्यांचा वाटा वॉर्डपर्यंत पोचवा. पाळकांना सोमवार द्या, आणि त्या दिवशी फोन करू नका.

आज्ञेतल्या त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास आहे, दासी आहे. पत्नीचं नाव वेगळं नाही. 'तू' म्हटलं त्यात ती आलीच, असं भाष्यकार सांगतात. असेलही. पण आमच्या घरांत उपासनेला निघण्याआधी पहाटे पाचला उठून रविवारच्या मटणाचं वाटण तिनंच केलेलं असतं. आणि दासी? घरकामाला येणाऱ्या बाईला रविवारी हमखास बोलावतो, कारण पाहुणे जास्त, भांडी जास्त. पुढच्या रविवारी तिला पगार न कापता सुट्टी द्यायची, एवढं या आठवड्यात प्रत्येक घराला ठरवता येईल.