दिव्याचा खांब आणि गावाचा हक्क : सॅन होजे शहराची वाटचाल

१८८१ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, सांता क्लारा आणि मार्केट हे दोन रस्ते जिथे मिळतात त्या चौकावर २३७ फूट उंचीचा लोखंडी मनोरा उभा राहिला. त्याच्या माथ्यावर विजेचे आर्क दिवे होते. जे. जे. ओवेन या वृत्तपत्राच्या संपादकाची ही कल्पना. गल्लोगल्ली दिवे लावत बसण्यापेक्षा एकच प्रखर उजेड आभाळात टांगला तर सगळं गाव उजळेल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. लांबून मनोरा दिमाखदार दिसे, पण खालच्या रस्त्यांवर हवा तसा उजेड पडत नसे. शेवटी दिव्यांना खाली, रस्त्याच्या कडेला, माणसांच्या जवळ यावं लागलं. मनोरा १९१५ साली वाऱ्यात कोसळला आणि शहराने तो पुन्हा बांधला नाही.

शंभरेक वर्षांनी मोबाइलच्या लहरींनीही हाच प्रवास केला. आधी टेकड्यांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर मोठे टॉवर आले. मग फोनवरून व्हिडिओ धावू लागले तशी एका टॉवरची ताकद पुरेना. त्यात जास्त वारंवारतेच्या लहरी भिंतीने अडतात, झाडाच्या पानांनीही मंदावतात. म्हणून अँटेना रस्त्यावरच्या खांबापर्यंत उतरल्या. त्यांना ‘स्मॉल सेल’ म्हणतात. एकेकीचा पल्ला काहीशे फुटांचा, त्यामुळे त्या शेकड्यांनी लागतात. आणि जिथे त्या लागतात तो खांब बहुतेक वेळा गावाच्या मालकीचा असतो. त्या खांबावर कोणाचं चालावं, यावरून अमेरिकेत गेली तीस वर्षं कायद्याची झुंज सुरू आहे. सॅन होजेच्या नगरपालिकेने ती ज्या कल्पकतेने लढवली, ती मला फार मोलाची वाटते.

या शहराने खांबाकडे केवळ लोखंडाची नळी म्हणून कधी पाहिलं नव्हतं. शहराच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनवर लिक वेधशाळा आहे. शहर पसरू लागलं तशी त्याच्या दिव्यांची आभा दुर्बिणींच्या आड येऊ लागली. तेव्हा, १९८० च्या दशकात, नगरपालिकेने रस्त्यांवर मंद पिवळे सोडियमचे दिवे बसवले. त्यांचा उजेड एकाच रंगाचा असल्याने खगोलशास्त्रज्ञांना तो गाळून टाकता येई. लोकांना त्या पिवळ्या प्रकाशात गाडीचा रंगही धड ओळखता येत नसे, तरी एका टेकडीवरच्या विज्ञानासाठी दहा लाखांकडे निघालेलं शहर वर्षानुवर्षं त्या उजेडात राहिलं. खांबावर काय लागावं हा गावाने मिळून ठरवायचा प्रश्न आहे, ही समज तिथे अशी मुरलेली होती.

मोबाइलच्या संदर्भात या अधिकाराची चौकट १९९६ च्या दूरसंचार कायद्याने आखली. टॉवर कुठे उभा राहील हे ठरवण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार अमेरिकी काँग्रेसने शाबूत ठेवला, पण त्याला कुंपण घातलं. कंपन्यांमध्ये अवाजवी भेदभाव करायचा नाही. सेवा अशक्य होईल असे नियम करायचे नाहीत. अर्जावर वाजवी वेळेत निर्णय द्यायचा. नकार लेखी हवा आणि त्याला ठोस पुरावा हवा. आणि लहरींचं उत्सर्जन फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे एफसीसीच्या, मर्यादेत असेल तर त्याच्या परिणामांची भीती हे कारण देऊन अर्ज फेटाळायचा नाही.

या शेवटच्या कलमाने अमेरिकी नगरपरिषदांची जी कोंडी केली, ती मला या साऱ्या कथेत सर्वांत जिव्हारी लागणारी वाटते. सुनावणीला लोक येतात ते बहुधा आरोग्याची चिंता घेऊन. लेकराच्या खोलीच्या खिडकीसमोर अँटेना लागणार म्हणून आई-बाप बोलायला उभे राहतात. सदस्यांनी ऐकायचं, आणि मग कायद्याने या मुद्द्यावर आम्हाला निर्णय देता येत नाही, असं सांगायचं. लहरी घातक आहेत की नाहीत हा शास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा प्रत्येक गावाने आपापला करू नये, हे मान्य. पण आपण निवडून दिलेल्या माणसापुढे मनातली भीती मांडावी आणि ती विचारात घेण्याचीच त्याला मनाई असावी, याने लोकांचा विश्वास झिजतो. मग तीच माणसं खांबाच्या रंगावर, अँटेनाच्या यंत्रपेटीच्या आवाजावर, झाडांच्या मुळांवर आक्षेप नोंदवतात, कारण तेवढीच दारं उघडी असतात.

पुढची वर्षं कुंपण आवळत जाण्याची. २००९ मध्ये एफसीसीने ‘वाजवी वेळ’ आकड्यांत बांधली : असलेल्या बांधकामावर अँटेना लावायची तर ९० दिवस, नवं बांधकाम असेल तर १५०. टेक्ससमधल्या आर्लिंग्टन शहराने याला आव्हान दिलं, पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एफसीसीची बाजू उचलून धरली. दोन वर्षांनी जॉर्जियातलं रॉसवेल हरलं. तिथे पाइनच्या झाडाचं सोंग दिलेला १०८ फुटी टॉवर नगरपरिषदेने नाकारला. नकाराचं पत्र दोन दिवसांत गेलं, पण त्यात कारणं नव्हती; ती ज्या इतिवृत्तात होती ते २६ दिवसांनी प्रसिद्ध झालं. आणि कंपनीला दावा लावायला मुदत अवघ्या ३० दिवसांची. कारणं पत्रातच हवीत असं नाही, पण ती लेखी आणि जवळपास त्याच वेळी मिळाली पाहिजेत, असं न्यायालयाने ठरवलं. माझ्या मते हा निकाल गावांच्याही भल्याचा झाला. ज्याला नाही म्हणायचं आहे त्याने का ते लिहून द्यावं, ही शिस्त कोणत्याही कचेरीला लागलेली बरी.

स्मॉल सेल आल्या आणि कंपन्यांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे मोर्चा वळवला. ॲरिझोनाने २०१७ मध्ये गावांचे हात बांधणारा कायदा केला आणि मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. कॅलिफोर्नियातही एसबी ६४९ हे विधेयक दोन्ही सभागृहांतून पार झालं. गावाच्या खांबांवर स्मॉल सेलना जवळपास हक्काने जागा आणि वर्षाला २५० डॉलरच्या आसपास भाडं, असा त्याचा गाभा. राज्यातल्या शहरांच्या संघटनेने, लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीजने, कडाडून विरोध केला. १५ ऑक्टोबर २०१७ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरला. रस्त्यांच्या व्यवस्थापनात गावांचं जे हित आहे त्याचा अधिक समतोल विचार व्हायला हवा, असं त्यांनी विधिमंडळाला कळवलं.

त्या उसंतीचा सॅन होजेने जो उपयोग केला तो पाहण्यासारखा आहे. सिलिकॉन व्हॅलीची राजधानी म्हणवणारं हे शहर; साठ हजारांहून अधिक दिव्यांचे खांब त्याच्या ताब्यात. आपल्याकडून तिकडे गेलेली कितीतरी मराठी घरं याच परिसरात आहेत आणि बहुतेकांच्या घरी वेगवान इंटरनेट असतं. पण त्याच शहराच्या पूर्व भागात, मुख्यतः कष्टकरी लॅटिनो आणि व्हिएतनामी वस्त्यांत, गृहपाठासाठी इंटरनेट नसलेली हजारो मुलं होती. ईस्ट साइड युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टने कर्जरोख्यांच्या पैशातून आणि नगरपालिकेच्या मदतीने शाळांभोवतीच्या वस्त्यांत मोफत वाय-फाय पोचवायला घेतलं होतं. त्यातली एक शाळा जेम्स लिक यांच्या नावाची. ज्यांच्या देणगीतून टेकडीवरची वेधशाळा झाली तेच हे लिक.

महापौर सॅम लिकार्डो यांनी हे दोन धागे जोडले. कंपन्यांना खांब हवेत, आणि लवकर हवेत. शहराला पूर्वेकडच्या मुलांच्या घरी इंटरनेट हवं. तर मग खांबाचं भाडं घ्यावं, परवाने लवकर द्यावेत, आणि त्या भाड्यातून मुलांसाठी निधी उभारावा. एप्रिल २०१८ मध्ये एटी अँड टीशी आणि त्यापाठोपाठ व्हेरायझन व मोबिलिटी या कंपन्यांशी करार झाले. शहरभर सुमारे ४,००० स्मॉल सेल बसायच्या होत्या. जास्त खांब घेणाऱ्याला दर कमी, असा हिशेब ठेवला होता. परवान्यांच्या कामाला लागणाऱ्या मनुष्यबळाचा खर्चही कंपन्यांच्या पैशातून निघणार होता. डिजिटल समावेशन निधीत दहा वर्षांत २.४ कोटी डॉलर जमावेत आणि ५०,००० घरांपर्यंत इंटरनेट पोचावं, हे उद्दिष्ट होतं.

या कराराचं मोल भाड्याच्या रकमेहून मोठं आहे. एखादं गाव हटून बसतं, एखादं दबून सही करतं. सॅन होजेने तिसरा मार्ग काढला. आपल्याकडे काय आहे, कोणाला त्याची निकड आहे आणि त्या बदल्यात आपल्यातल्या सर्वांत मागे राहिलेल्यांना काय देता येईल, हे मोजून ते वाटाघाटीला बसलं. स्थानिक स्वराज्य म्हणजे नेमकं हेच, असं मला मनापासून वाटतं.

वॉशिंग्टनला मात्र दुसरंच काही हवं होतं. एफसीसीचे अध्यक्ष अजित पै यांनी ब्रॉडबँड वेगाने पसरावं यासाठी सल्लागार समिती नेमली होती. लिकार्डो तिचे सदस्य होते. समितीत उद्योगाचाच वरचष्मा आहे आणि गावांचं हित तिथे जपलं जाणार नाही, असं म्हणत त्यांनी जानेवारी २०१८ मध्येच राजीनामा दिला होता. २६ सप्टेंबर २०१८ रोजी एफसीसीचा आदेश निघाला. अँटेना तीन घनफुटांपर्यंत, बाकीची सामग्री २८ घनफुटांपर्यंत आणि उंची साधारण ५० फुटांपर्यंत, अशी सुविधा ‘लहान’ ठरली. असलेल्या खांबावर ती लावायचा अर्ज ६० दिवसांत आणि नव्या खांबाचा ९० दिवसांत निकाली काढायचा. शुल्क गावाला प्रत्यक्ष येणाऱ्या खर्चापुरतंच. आणि वर्षाला एका सुविधेमागे २७० डॉलरपर्यंतचं शुल्क वाजवी धरलं जाईल. त्याहून जास्त घ्यायचं तर खर्चाचा हिशेब गावाने सिद्ध करायचा.

एफसीसीचा युक्तिवाद असा : मोठी शहरं जबर भाडं घेतात, त्यात कंपन्यांचं भांडवल अडकतं आणि खेडी वंचित राहतात, हा आदेश कंपन्यांचे सुमारे २ अब्ज डॉलर वाचवेल. आयोगाच्या सदस्य जेसिका रोझेनवर्सेल यांनी अंशतः विरोधी मत नोंदवताना नेमकं बोट ठेवलं : वाचलेला पैसा खेड्यांत गुंतवण्याचं एकही बंधन आदेशात नाही. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. सॅन होजेच्या करारात भाडं कुठे जाणार हे कागदावर होतं. आदेशात बचत कुठे जाणार हे कुठेच नव्हतं. शिवाय झालेल्या करारांना आदेशाने सरसकट अभय दिलं नाही. प्रत्येकाचं भवितव्य त्या त्या परिस्थितीवर सोडलं.

सॅन होजे न्यायालयात गेलं. पोर्टलंड गेलं, इतरही अनेक शहरं गेली. कंपन्यांनीही वेगवेगळ्या अपील न्यायालयांत अर्ज टाकले, त्यामुळे प्रकरण कुठे चालणार याची सोडत निघाली आणि ते डेन्व्हरच्या दहाव्या सर्किटकडे गेलं. आदेशाला स्थगिती द्यायला त्या न्यायालयाने नकार दिला, मात्र शहरांच्या विनंतीवरून प्रकरण पश्चिम किनाऱ्याच्या नवव्या सर्किटकडे पाठवलं. १४ जानेवारी २०१९ पासून आदेश लागू झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोने एक मोठी लढाई जिंकली. सुंदर रस्त्यांवर आणि ऐतिहासिक इमारतींजवळ अँटेना लावायची तर दिसण्याची कसोटी पार करावी लागेल, असा नियम त्या शहराने २०११ मध्ये केला होता. टी-मोबाइल आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं. राज्याच्या जुन्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना रस्त्यांचा वापर दिला आहे, त्यांनी फक्त रहदारी अडवू नये, असं त्यांचं म्हणणं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. रस्ता फक्त जाण्यायेण्यासाठी नसतो. लोक तिथे रेंगाळतात, गप्पा मारतात, समोरचं दृश्य बघतात, आणि ते विद्रूप करणं हाही सार्वजनिक वापरातला उपद्रव होऊ शकतो, असा त्या निकालाचा आशय होता.

नवव्या सर्किटचा निकाल १२ ऑगस्ट २०२० रोजी आला. तोवर महामारीने शाळा बंद पाडल्या होत्या आणि पूर्व सॅन होजेतल्या ज्या मुलांसाठी निधी उभारायचा होता, त्यांचा वर्ग आता इंटरनेटवरच भरत होता. न्यायालयाने मुदती कायम ठेवल्या आणि २७० डॉलरचं सूत्रही उचलून धरलं. शुल्काच्या मुद्द्यावर एका न्यायाधीशाने भिन्न मत दिलं. दिसण्याच्या बाबतीत मात्र गावांचं बरंचसं ऐकलं. सौंदर्याच्या अटी सगळ्या सुविधांना सारख्याच हव्यात आणि त्या निव्वळ वस्तुनिष्ठ हव्यात, ही एफसीसीची बंधनं रद्द झाली. दार किती वेळात उघडायचं आणि त्याचं मोल काय हे वॉशिंग्टनने ठरवलं. दारातून आत येणाऱ्याने कसं दिसावं, हे सांगायची मुभा गावाला उरली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढची सुनावणी नाकारली.

सुनावणीतल्या आई-बापांच्या प्रश्नालाही त्याच वर्षी थोडी वाट मिळाली. १९९६ साली ठरवलेल्या उत्सर्जनाच्या मर्यादा आजही पुरेशा का आहेत याचं नीट स्पष्टीकरण एफसीसीने दिलेलं नाही, असं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवलं. लहरी घातक आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. विचारलेल्या प्रश्नाला कारणांसह उत्तर द्या, एवढंच म्हणालं. रॉसवेलच्या नगरपरिषदेला जे सांगितलं गेलं होतं तेच, या वेळी केंद्राच्या आयोगाला.

आणि आर्लिंग्टनचा निकाल ज्या तत्त्वावर उभा होता, ते तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मोडीत काढलं. संदिग्ध कायद्याचा अर्थ आता प्रशासकीय आयोगाने नव्हे, न्यायालयाने लावायचा. जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की दिवाणी दाव्यांत एफसीसीचा अर्थ जिल्हा न्यायालयांवर बंधनकारक नाही. २७० डॉलर, ६० दिवस, ‘सेवा अशक्य करणे’ म्हणजे काय, हे सगळे अर्थ एफसीसीनेच लावलेले आहेत. आदेश अजून जिवंत आहे, पण उद्या एखाद्या गावाने खांबाचा दर वेगळा लावला आणि कंपनी दावा घेऊन गेली, तर १९९६ चा मूळ कायदा त्या न्यायाधीशाला नव्याने वाचावा लागेल.