बाळंतिणीचा सरंजाम

प्रसूतीची तारीख दोन-तीन आठवड्यांवर आली की हल्ली घरोघरी दाराजवळ एक पिशवी भरून ठेवलेली दिसते. तीत बाळंतिणीचे गाऊन, बाळाची झबली-टोपडी, दुपटी, लंगोट, तपासण्यांच्या कागदांची फाईल आणि आधार कार्ड असा ठरीव ऐवज असतो, आणि मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर शोधाशोध करावी लागू नये, एवढाच त्या तजविजीचा हेतू असतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मात्र महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत नववा महिना लागला म्हणजे पिशवी नव्हे, खोली सिद्ध केली जात असे. बाळंतीण कोठे जात नसे, सगळा सरंजाम तिच्याकडे चालत येत असे. त्या खोलीतले कोणते जिन्नस पुढे पिशवीत शिरले, कोणते इस्पितळाच्या दारात अडवले गेले आणि कोणते मधल्या वाटेवर गळाले, याचा वृत्तांत कोणत्याही दफ्तरात सलग लिहून ठेवलेला नाही. तो स्त्रियांच्या हातांनी घडला आणि त्यांच्याच बोलण्यात राहिला.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. डोहाळजेवण आटोपले की लेकीला माहेरी आणीत, आणि तेथे आई, आजी, काकू यांचा कारभार सुरू होई. माजघराला लागून असलेली, वारा न शिरणारी, एखादाच झरोका असलेली खोली मोकळी करून शेणाने सारवली जाई. तीत सुंभाने विणलेली बाज, बाजेखाली ठेवायची शेगडी, कोळसे, अंग शेकण्यासाठी ओव्याच्या पुरचुंड्या आणि धुरीसाठी बाळंतशोपा, वेखंड, लसणीची टरफले यांची तरतूद होई. फडताळात डिंक, खारीक, खोबरे, अळीव, मेथ्या, सुंठ, पिंपळमूळ हे सारे लाडवांसाठी आणि काढ्यासाठी येऊन पडे. बाळाच्या गुटीसाठी एक सहाण बाजूला काढलेली असे आणि तिच्याशेजारी एका डब्यात मुरुडशेंग, बाळहिरडा, मायफळ, जायफळ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी अशी मंडळी असत. बाळाचे पोट फुगले असेल तर मुरुडशेंगेचा एखादा वेढा जास्त, झोप नसेल तर जायफळाचा अर्धा वळसा, पण तेवढाच. हे प्रमाण आजीच्या मनगटात असे, आणि सुनेला ते पाहूनच शिकावे लागे.

कपड्यांची कथा याहून बारकाईने सांगण्याजोगी आहे. वर्षानुवर्षे धुवून मऊसूत झालेले सुती लुगडे हे बाळंतिणीच्या खोलीतले खरे धन होते. त्याचे काठ आणि पदर आधी फाडून वेगळे केले जात, कारण काठाची वीण कोवळ्या कातडीला रुतते; मग मधल्या अंगाचे तुकडे करून त्यांतून बाळोती, दुपटी आणि बाळंतिणीचे पोट बांधण्याचा लांब पट्टा निघे. झबल्याला गुंडी लावीत नसत, बंद लावीत, म्हणजे टोचण्याची भीती राहत नसे आणि बाळ वाढले तरी तेच झबले सैल करून महिनाभर अधिक पुरे. खणाची कुंची, जरीचे टोपडे, नवे अंगडे हे सारे बाळंतविड्यातून येई, आणि बाळंतविडा येई तो जन्मानंतर. जन्माआधी बाळासाठी नवे काही शिवू नये, विकत तर मुळीच आणू नये, असा कडक दंडक पुष्कळ घरांत होता.

या दंडकाला नुसती भोळी समजूत म्हणून हातावेगळे करणे मला पटत नाही. ज्या काळात जन्मलेले मूल वर्षभर जगेल याचीही शाश्वती नव्हती, त्या काळात रिकामा पाळणा आणि न वापरलेली झबली घेऊन बसण्याची पाळी किती आयांवर आली असेल, याचा विचार केला म्हणजे हा निषेध दुःखातूनच जन्माला आला असावा असे वाटते. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. ज्या निर्धाराने त्यांनी पुढे सागर ओलांडला, १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली आणि प्रबंधासाठी प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला, त्या निर्धाराचे मूळ त्या दहा दिवसांत होते, असे त्यांचे चरित्र वाचणाऱ्या कोणालाही वाटेल.

आनंदीबाईंनी जो विषय निवडला त्यात बाळंतिणीच्या सरंजामाची एक अतिप्राचीन याद आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या जातिसूत्रीय अध्यायात, नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधावे असे सांगून, त्यात काय काय आणून ठेवावे याचा तपशीलवार पाठ दिला आहे. तूप, तेल, मध, निरनिराळी मिठे, वावडिंग, गूळ, सुंठ, पिंपळी, पिंपळमूळ, वेखंड, हिंग, मोहरी, लसूण, जवस, कुळीथ. उखळे आणि मुसळे. बेलाच्या लाकडाच्या दोन खाटा. अग्नी प्रज्वलित ठेवण्यासाठी टेंभुर्णीची आणि हिंगणबेटाची लाकडे. सोन्या-रुप्याच्या तीक्ष्ण सुया आणि धारदार लोखंडी शस्त्रे. सुश्रुताने तर खोलीचे मापही मुक्रर केले आहे: आठ हात लांब, चार हात रुंद, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. ही याद डोळ्यांपुढे ठेवून आजीच्या फडताळात डोकावले तर वावडिंग, वेखंड, सुंठ, पिंपळमूळ, लसूण हे जिन्नस दोन हजार वर्षांच्या अंतरानेही आपापल्या जागी दिसतात. आणि त्या यादीच्या शेवटी एक नोंद आहे, जी मला साऱ्या औषधींहून मोलाची वाटते: ज्या स्वतः अनेकदा प्रसूत झाल्या आहेत, ज्या प्रेमळ, धीराच्या आणि कष्टाळू आहेत, अशा पुष्कळ स्त्रिया तेथे असाव्यात.

दुर्दैव असे की औषधी टिकल्या आणि शस्त्राची काळजी सुटली. नाळ कापायला अनेक ठिकाणी घरातलाच विळा पुढे येई, आणि तो उकळून घ्यावा ही कल्पना कोणाला नव्हती. त्यात सोयराची भर पडली. दहा दिवस बाळंतीण, तिचे अंथरूण आणि तिला शिवलेले सारे कापड विटाळाचे मानले जाई, आणि ते शेवटी टाकून द्यायचे किंवा सुईणीला द्यायचे, म्हणून पुष्कळ घरांत बाजेवर पडे ते घरातले सर्वांत जीर्ण आणि मळके अंथरूण. लुगड्याच्या मऊ तुकड्यांत दिसणारी माया आणि बाजेवरच्या फाटक्या गोधडीत दिसणारा तिटकारा एकाच खोलीत नांदत होते. धूर, अंधार, न धुतलेले हात आणि गंजका विळा यांनी मिळून जो सूतिकाज्वर आणि नवजात बालकांचा धनुर्वात पसरवला, त्याचे खापर पुढे सुशिक्षितांनी एकट्या सुईणीवर फोडले. पण ती बहुधा तथाकथित खालच्या जातीची, धान्य, नारळ आणि जुन्या लुगड्यावर राबणारी बाई, जे हत्यार आणि जे कापड घरमालकीण पुढे करील तेच वापरीत असे. हा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत या खोलीला पर्याय उभा राहिला तो १८८०च्या दशकात. जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावेत म्हणून निधी उभारला. १८८३च्या अखेरीस एडिथ पेची ही इंग्रज डॉक्टर मुंबईला येऊन पोहोचली. पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून बांधलेले, केवळ स्त्रियांनी चालवावयाचे इस्पितळ १८८६ साली सुरू झाले. १८८५च्या डफरिन फंडाने हीच व्यवस्था देशभर नेण्याचा प्रयत्न केला, आणि १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने निघालेल्या व्हिक्टोरिया स्मारक निधीतून दायांना शिकवण्याची तजवीज झाली. पण इमारती उभ्या राहिल्या म्हणून घरंदाज स्त्रिया त्यांत जाऊ लागल्या नाहीत. परजातीच्या हातचे अन्न, परक्यांचे अंथरूण, सोयराचे नियम आणि शेगडीवाचून काढायच्या रात्री, या साऱ्यांचे भय मोठे होते. इस्पितळ गाठले जाई ते घरी सगळे उपाय थकल्यावर, पुष्कळदा गाडीत घालून, आणि अशा वेळी पिशवी भरायला कोणाला सवड असणार?

भरवसा निर्माण झाला तो माणसांमुळे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि तेथल्या स्त्रियांना ससून इस्पितळात शुश्रूषेचे आणि प्रसूतिकर्माचे शिक्षण मिळण्याची सोय केली. आपल्याच आळीतली, आपल्यासारखीच बोलणारी परिचारिका वॉर्डात दिसू लागली तेव्हा इस्पितळाचा परकेपणा पुष्कळसा ओसरला. कामा इस्पितळाची धुरा १९२८ ते १९४७ या काळात जेरुशा झिराड यांच्याकडे होती. बेने इस्राएल समाजातल्या या डॉक्टरीणबाईंनी मुंबईतल्या मातांच्या मृत्यूंची कारणे शोधण्याचे कामही हाती घेतले. गिरणगावाच्या मध्यभागी, परळला, नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उघडले. तरीही गिरणीतल्या कित्येक बाया दिवस भरत आले की गाठोडे बांधून कोकणच्या बोटीत बसत, कारण माहेरच्या खोलीची ओढ होती आणि चाळीतल्या एका खोलीत बाजेला जागा नव्हती. पगार बुडवून जाणाऱ्या या कामकरणींसाठी मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा केला. हिंदुस्थानातला तो या प्रकारचा पहिला कायदा होता.

पुढच्या दोन-तीन दशकांत शहरोशहरी खासगी प्रसूतिगृहे निघाली, १९४९च्या कायद्याने मुंबई राज्यात त्यांची नोंदणी सक्तीची झाली, आणि खोलीची पिशवी झाली ती याच काळात. नव्या शिस्तीने प्रथम अग्नीला हद्दपार केले. शेगडी, धुरी, ओव्याचा शेक यांना वॉर्डात मुभा नव्हती, सुईणीला नव्हती, आणि आजीला भेटीच्या वेळेपुरतीच होती. आत जाऊ शकली ती जुन्या लुगड्याची बाळोती, पण उकळून, उन्हात वाळवून, स्वच्छ कापडात गुंडाळून. पत्र्याच्या ट्रंकेत किंवा कापडी पिशवीत बाळंतिणीची दोन-तीन धुवट पातळे, पोटपट्टा, कापसाची गुंडाळी, तेलाची बाटली, वाटी-चमचा आणि थर्मास असे सामान जाई; बाकीची खोली रोज दोन वेळा डब्यातून येई, म्हणजे तुपाचा मऊ भात, मेथीची भाजी, अळिवाची खीर आणि झाकणाखाली लपवलेला डिंकाचा लाडू. आठ-दहा दिवसांचा मुक्काम तेव्हा सर्वत्र रूढ होता, आणि तो सोयराच्या मुदतीशी असा काही जुळला की घरी परतलेली बाळंतीण दोन दिवसांत बारशालाच उभी राही. नव्या कपड्यांवरचा निषेधही या पिशवीने न भांडता सोडवला: जन्माआधी भरायचे ते जुन्याचे, आणि नवे ते मागाहून मावशीने आणायचे. आजही पुष्कळ घरांत पहिले झबले थोरल्या भावंडाचे किंवा आतेभावाचे असते, त्यामागे हाच तह आहे.

खेड्यापाड्यांत मात्र बाळंतीण पिशवीकडे गेली नाही, पिशवी तिच्याकडे आली. सरकारने दायांच्या हाती एक छोटे पुडके दिले. त्यात नवी पत्ती, स्वच्छ दोरा आणि साबणाची वडी असे, आणि हात, जागा, पत्ती, दोरा आणि नाळ या पाचांच्या स्वच्छतेचा पाठ त्याच्याबरोबर शिकवला जाई. त्या पत्तीला लसीची जोड मिळाली आणि २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य केले गेले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बाईला आरोग्यदूत करून तिच्या खांद्यावर ताणकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळण्याची उबदार पिशवी आणि श्वास देण्याचे साधन असलेली झोळी दिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवले की एवढ्या सामग्रीने आणि शिकवणीने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात. शेगडीने जी ऊब द्यायची ती येथे धुराविना मिळाली.

आज महाराष्ट्रातल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रसूती रुग्णालयात होतात आणि मुक्काम दोन-चार दिवसांवर आला आहे. एक गोष्ट मात्र दीर्घकाळ दाराबाहेरच राहिली होती, आणि ती म्हणजे सोबतीण. वॉर्डाची शिस्त राखताना आपण कळा देणाऱ्या मुलीला तिच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण तासांत एकटे पाडले, याचे मला फार वाईट वाटते. केंद्र सरकारने २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांना सोबतिणीस आत घेण्याची सूचना दिली. ती शक्यतो स्वतः प्रसूतीतून गेलेली असावी, सर्व वेळ थांबायला तयार असावी आणि तिचे कपडे स्वच्छ असावेत, अशा अटी त्यात आहेत. ही मुभा आहे हे कित्येक कुटुंबांना ठाऊकही नसते, तेव्हा नाव नोंदवतानाच तिच्याविषयी विचारून घ्यावे आणि पिशवीत आईच्या किंवा मावशीच्या धुतलेल्या कपड्यांचा एक जोड ठेवावा. कळा रात्रभर चालल्या तर तिला घरी जाऊन कपडे बदलता येणार नाहीत.