नवशिक्याचें पहिलें गाणें

वाद्य शिकणारा मनुष्य पहिलें गाणें कोणतें वाजवतो, हा प्रश्न संगीताच्या इतिहासकारांना सहसा सुचत नाहीं. ते घराणीं मोजतात, बंदिशींचे कर्ते शोधतात, दरबारांच्या नोंदी चाळतात. परंतु ज्या घरांत पेटी किंवा गिटार नुकतीच आली आहे आणि शेजारी कान झांकून बसले आहेत, त्या घराकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. माझें गेलें, त्याचें कारण घरगुतीच आहे. शिक्षणासाठीं बुलढाण्यास आमच्याकडे राहिलेली माझी भाची गेल्या पावसाळ्यांत एक गिटार घेऊन आली आणि तीन आठवड्यांनीं तिनें ती कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली. बोटांच्या टोकांना फोड आले होते, ही तक्रार होतीच. पण खरी तक्रार निराळी होती. "मामा, हीं गाणीं माझीं नाहींत," ती म्हणाली.

मला आश्चर्य वाटलें नाहीं. विद्यार्थिदशेंत वसतिगृहांतील एका मित्राची गिटार मींही महिनाभर छातीशीं धरली होती. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती, आणि तिच्यांतील आरंभींचीं गाणीं ज्या मुलांच्या पाळण्यावर म्हटलीं गेलीं, तीं मुलें सात समुद्रांपलीकडचीं होतीं. इंग्रजी साहित्याचा मी पदवीधर. शब्द सगळे कळत होते. चाल मात्र कानांत नव्हती, आणि जी चाल कानांत नाहीं ती बोटांत कोठून येणार?

त्या पुस्तिकांचा यांत दोष नाहीं. पॅरिसमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फेर्दिनांदो कारुल्लीनें गिटारचा पाठ्यग्रंथ रचला, तेव्हांपासून नवशिक्याला सोपें व ओळखीचें द्यावें हा नियम तिकडे रूढ आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडांत लॉनी डॉनेगनच्या 'स्किफल' गाण्यांनीं पोरांना वेड लावलें. तीन कॉर्ड आले कीं अशीं डझनावारी गाणीं वाजवतां येत; म्हणून शाळकरी मुलांनीं गिटारी विकत घेतल्या. लिव्हरपूलच्या जॉन लेननला त्याच्या आईनें बँजोचे कॉर्ड शिकवले, तेही याच सुमारास. पुढच्याच वर्षीं बर्ट वीडनचें 'प्ले इन ए डे' हें पुस्तक निघालें. 'एका दिवसांत वाजवा' ही जाहिरातबाजीच. पण त्या पुस्तकावर तिकडची एक पिढी वाढली. कॉर्ड म्हणजे तीन वा अधिक स्वरांचा एकाच वेळीं उठणारा मेळ. सा, म आणि प या तीन स्वरांवर असे तीन मेळ उभारले कीं त्या लोकांचीं बहुतेक लोकगीतें त्यांत बसतात, कारण तीं गाणीं त्या मेळांच्याच अंगणांत खेळलेलीं असतात.

आपल्याकडे हाच प्रश्न दोघां थोर पुरुषांनीं हातीं घेतला. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. पंडित भातखंड्यांनीं 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग मराठींत सिद्ध केले. रागाचे नियम रागांतच सांगणारीं लक्षणगीतें ही भातखंड्यांची मोठी युक्ति. परंतु स्पष्ट बोलावयाचें तर लक्षणगीत गुणगुणत कोणी विहिरीवर पाणी शेंदीत नाहीं. पलुसकर या बाबतींत अधिक चतुर होते. लोकांच्या ओठांवरचें भजन त्यांनीं सभेंत आणलें, वर्गांत आणलें. विद्यार्थी आधींच अर्धें गाणें घरून घेऊन येत असे.

गिटार मात्र या दोघांच्याही दारीं गेली नाहीं. ती निराळ्या वाटेनें आली. गोव्यांत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपि शिकवीत. तेथून पोटासाठीं मुंबईस आलेले गोमंतकीय वादक पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांचे आधारस्तंभ झाले. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं १९४७ च्या 'शहनाई'त एका गाण्यास गिटार, माउथऑर्गन आणि शिटी यांची साथ दिली, तेव्हां घाटावरच्या प्रेक्षकांनाही या वाद्याची गोडी लागली. पण ती ऐकण्याची गोडी. शिकण्याचें पुस्तक परक्या गाण्यांचेंच राहिलें.

येथें एका जुन्या भांडणाची आठवण करून देणें भाग आहे. १९४० च्या मार्चमध्यें आकाशवाणीनें पेटीवर बंदी घातली. १९७१ सालीं ती शिथिल झाली. पेटीचे स्वर समान अंतरांचे, आणि गायकाचे तसे नसतात, हा मुख्य आक्षेप. गिटारच्या पडद्यांनाही तो तसाच लागू आहे. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येणारा गांधार ३८६ व्या भागावर असतो. पडद्यावरचा ४०० व्या. चौदा भागांची ही तफावत तयार कानाला टोंचते. उलट पंचम ७०२ वर असावयास हवा तो ७०० वर सांपडतो; एवढा फरक कोणाच्याही खिजगणतींत नसतो. म्हणजे आपल्या गाण्याचें आणि या वाद्याचें भांडण मुख्यतः गांधारावरून आहे. षड्ज-पंचमापुरता दोघांत सलोखाच आहे.

हें ध्यानांत आल्यावर मीं कपाटावरची गिटार खालीं काढली. तिची सर्वांत जाड, सहावी तार 'ई' स्वरांत लावलेली असते. ती एक पूर्ण स्वर उतरवून 'डी'वर आणली. पांचवी तार 'ए', चौथी 'डी'. जाड बाजूच्या या तीन तारा एकामागून एक छेडल्या तर काय निघतें? सा, प, सा! एकही बोट न दाबतां तंबोराच हातीं आला. बारीक बाजूच्या तीन तारा म, ध आणि रे बोलतात. त्यांना तेवढा हात लागूं द्यायचा नाहीं. चिमटा, ज्याला मुलें कॅपो म्हणतात, चौथ्या पडद्यावर बसवला कीं षड्ज काळी तीनवर जातो. हाताच्या खालीं-वर अशा चार जोड्या केल्या कीं केरव्याच्या आठ मात्रा पुऱ्या होतात. भजनाची चाल त्यांत बिनतक्रार चालते. फोड आलेल्या बोटांना सुट्टी, उजव्या हाताला काम, आणि गाणें घरचें. कॉर्ड शिकायचे ते यानंतर शिकावे, घाई कसली?

भाचीचे वडील मेहकरकडचे शेतकरी. शेगांवच्या पालखीबरोबर पंढरीची वाट पायीं चाललेले वारकरी. गांवच्या सप्ताहांत ते वीणेकरी असतात. कार्तिकांत ते आमच्याकडे आले, तेव्हां हें वाद्य पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हें नाचगाण्याचें," एवढेंच म्हणाले. त्या घरांत बापाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द; पोरीनें माझ्याकडे पाहिलें, मीं नजर चुकवली. मग तिनें कांहीं न बोलतां तीन तारा छेडावयास आरंभ केला. बराच वेळ ते पानाचा डबा उघडून बसले होते. केव्हां गुणगुणूं लागले तें मला कळलें नाहीं. गुणगुणण्याचा अभंग झाला, आणि अभंग चांगला पाव तास चालला.

मध्येंच स्वयंपाकघरांतून हाक आली. ती उठली आणि गिटार खाटेवर ठेवूं लागली. अखंड सप्ताहांत वीणा खालीं ठेवायची नसते. पहारा संपला कीं ती एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. त्यांनीं चरण न तोडतां उजवा हात पुढें केला आणि ती तिच्याकडून घेतली.