खुंटीवरची बंदूक



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचंच आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून थोरल्याने मला व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. वर गांधीजींचा फोटो आणि खाली त्यांचं मत, की इंग्रजांनी जी पापं केली त्यात साऱ्या देशाला निःशस्त्र करणं हे सगळ्यात काळं पाप म्हणून इतिहासात नोंदलं जाईल. त्याखाली चिरंजीवांची पुरवणी : "बाबा, बघा, बापूसुद्धा आपल्याच बाजूचे! आता बंदूक माझ्या नावावर करून टाका."

तर ही बंदूक म्हणजे आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी माजघरात खुंटीवर असते. नळीत दारू घालायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, केप लावायची आणि मग चाप ओढायचा. एक बार उडवून दुसरा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या वाडीत पोचलेलं असतं. परवाना शेतीसंरक्षणाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. माझी सत्तरी केव्हाच उलटली, म्हणून हा विषय.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे ते चित्र तसंच पुढे ढकलणं जमेना. गांधीजींचं ते मत खरं आहे, ते त्यांच्या आत्मकथेतही आहे. पण ते आलंय कुठून? १९१८ साली पहिलं महायुद्ध चालू असताना ते खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्याच सैन्यासाठी भरती करत फिरत होते. त्या वेळच्या पत्रकातला हा मुद्दा. शस्त्रबंदीचा कायदा जावा असं वाटत असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल तर ही संधी सोडू नका, असं ते लोकांना सांगत होते. घरोघरी बंदूक असावी, असा त्याचा अर्थ काढायचा म्हणजे फारच झालं.

कायदा मात्र खरोखरच अपमानाचा होता. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे आले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने लोकांचे हात. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनने थोड्याच वर्षांत रद्द केला. शस्त्रांचा मात्र राहिला. त्यातली मेख अशी, की गोऱ्या माणसाला परवाना लागत नसे, एतद्देशीयाला लागे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला तो उगीच नव्हे. नियमांतला हा वर्णभेद गेला तो १९२० च्या सुमारास.

आजोबा सांगत, परवान्यासाठी त्यांनी मामलेदार कचेरीत किती हेलपाटे घातले ते. त्यांना बंदूक पाहिजे होती ती भातासाठी. पण बोलताना त्यांना डुकरांपेक्षा कचेरीच्या ओट्यावर उभं राहिलेलं जास्त आठवायचं. लहानपणी मला याचं नवल वाटे.

पुढे १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी होती, पण लोकांच्या नियंत्रणाखाली. १९३१ च्या कराची ठरावात तर शस्त्र बाळगण्याचा हक्कच मान्य केला होता, तोही नियमांच्या आधीन राहून. ही शेपटं फॉरवर्डवाले हटकून कापतात.

मग स्वातंत्र्य आलं आणि घटना समितीत प्रश्न निघाला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. कराचीच्या ठरावाचा आधार होताच. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : परक्या राज्यात ही मागणी रास्त होती, पण आता असा हक्क दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, आणि मग राज्य चालवायचं कसं? दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेने १७९१ मध्ये हा हक्क आपल्या घटनेत घातला, आपण विचार करून घातला नाही. आपल्या एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण विनाशस्त्र. पुढे १९५९ च्या कायद्याने १८७८ चा कायदा गेला. परवाना राहिला, पण तो सगळ्यांना सारखा. (अपवाद कोडगूचा. तिथल्या लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, आणि २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली.)

तरुणपणी मला हे पटत नसे. आजोबांनी हेलपाटे घातले ते काय यासाठी? आजही काही गोष्टींचा राग येतोच. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. कोणाची जमा करायची हे छाननी समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असतं, पण आमच्याकडे सरसकट बोलावणं येतं. विधानसभेच्या निवडणुका २००४ पासून २०१९ पर्यंत चारही वेळा ऑक्टोबरात झाल्या. म्हणजे ऐन भात पिकायच्या वेळी! डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार? २००९, २०१४, २०१९, तिन्ही दसऱ्यांना आम्ही शस्त्रपूजेत जमा केल्याची पावती मांडली. सौ. म्हणायची, "निदान हळदकुंकू जपून वाहा, पावती खराब झाली तर बंदूक परत मिळायची नाही." २०२४ ला आचारसंहिता दसऱ्यानंतर लागली, म्हणून वाचलो.

आता जे लिहितोय ते घरात आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सौ.लासुद्धा नाही.

१९८० नंतरची गोष्ट. शाळा सुटल्यावर रात्री मी मळ्यात राखणीला जात असे. एका रात्री बांधापलीकडे भात सळसळलं. डुक्करच असणार म्हणून बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर होतं. तेवढ्यात कोणीतरी खोकलं. शेजारच्या घरातले काका होते. त्यांच्या बॅटरीतले सेल संपले होते म्हणून अंधारात चाचपडत आपल्या शेताकडे चालले होते. "मास्तर, जागे आहात ना?" म्हणाले. मी "हो" म्हणालो. पुढे शब्द फुटेना. ठासलेला बार सकाळी उजाडल्यावर बांधाच्या मातीत रिकामा केला. काका नंतर वीसेक वर्षं जगले. त्यांनाही कधी कळलं नाही.

मी काही गुन्हेगार नव्हतो. शिकलेला होतो, दारूला कधी शिवलो नव्हतो. तरीही एका खोकल्याचंच अंतर होतं. त्या रात्रीनंतर नूतनीकरणाच्या वेळी साहेब जेव्हा विचारतात, "मास्तर, बंदूक कशाला हवी?" तेव्हा मला राग येत नाही. विचारायलाच हवं. फक्त ते सगळ्यांना सारखं विचारावं, आणि आमचं उत्तर ऐकून घ्यावं. आजोबांना सलत होतं ते हेच असावं, की गोऱ्याला कोणी विचारत नव्हतं आणि यांचं कोणी ऐकत नव्हतं.

तर थोरल्यासाठी उत्तर. बाळा, तू मोठा आहेस, आजोबांची आठवण तुझ्याकडे असावी असं तुला वाटतं, हे मी समजू शकतो. पण हा परवाना शेतीसाठी आहे आणि शेत धाकटा कसतो. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर डुक्कर येत नाही. त्यामुळे अर्ज धाकट्याच्या नावाने करतोय. राग आला तर फोन कर, चित्र पाठवू नकोस. दारू ठेवायचं आजोबांचं शिंग मात्र तुझ्यासाठी पुसून ठेवलंय. दिवाळीत येशील तेव्हा ने.

आणि धाकट्या, वरची रात्रीची गोष्ट तू दोनदा वाच. राखणीला जाताना बॅटरीचे सेल तपासायचे, आणि अंधारात सळसळ ऐकली तर आधी हाक मारायची. डुक्कर पळालं तर पळू दे.

चू. भू. द्या. घ्या.