मोकळ्या जागेचे मोल
(जालियनवाला बागेच्या स्मारकाची कथा)

जमिनीचे मोल व्यवहारात तिच्या लांबी-रुंदीवरून आणि बाजारपेठेपासूनच्या अंतरावरून ठरते. परंतु काही जमिनी अशा असतात की एखाद्या दिवसाच्या घटनेने त्यांचे सारे मोजमाप बदलून जाते. तेथे दुकान बांधावे की देऊळ, स्तंभ उभारावा की जागा तशीच मोकळी ठेवावी, हे ठरविताना मोठमोठ्यांची मती कुंठित होते. अमृतसर शहरातील जालियनवाला बाग ही अशीच एक जागा होय. तेथील हत्याकांडाचा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र त्यानंतर त्या जागेचे काय करावे, यावर राष्ट्राने चार दशके जो विचार केला, तो इतिहास फारसा सांगितला जात नाही.

नावात 'बाग' असली तरी १९१९ साली तेथे बाग नव्हती. साधारण सहा-सात एकरांचे ते एक ओसाड, खोलगट मैदान होते. जल्ला गावच्या सरदार हिम्मतसिंगांच्या घराण्याकडे त्याची मालकी असल्यामुळे त्यास हे नाव पडले. चहूबाजूंनी घरांच्या पाठभिंती, आत एक समाधी, एक विहीर, दोन-चार झाडे आणि बाहेर पडण्यास मोजक्या अरुंद वाटा, एवढेच तेथे होते. सुवर्णमंदिर हाकेच्या अंतरावर, आणि आसपास कटऱ्यांचे म्हणजे पेठांचे जाळे. अमृतसर हे त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील कापड-व्यापाराचे एक मोठे केंद्र होते.

रौलेट कायद्याविरुद्ध त्या वर्षी देशभर हरताळ पडले. १० एप्रिल रोजी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू या दोन लोकप्रिय पुढाऱ्यांना अटक करून शहराबाहेर नेण्यात आले. जमावावर गोळीबार झाला. संतप्त जमावाने बँका जाळल्या व पाच युरोपियनांचे बळी घेतले. शहर लष्कराच्या हाती गेले. १३ एप्रिल, रविवार, बैसाखीचा दिवस. सभाबंदीचा हुकूम असतानाही बागेत सभा भरली. सणाच्या व जनावरांच्या मेळ्याच्या निमित्ताने बाहेरगावाहून आलेले कितीतरी लोक विसाव्यासाठी तेथे थांबले होते. हुकमाची त्यांना वार्ताही नव्हती. सायंकाळी जनरल डायर पन्नास बंदूकधारी शिपायांसह आत आला आणि कोणतीही सूचना न देता त्याने गोळीबार सुरू करविला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी हंटर समितीने मृतांचा आकडा ३७९ धरला. काँग्रेसच्या मते तो हजाराच्या आसपास होता. रात्री आठनंतर संचारबंदी असल्याने जखमींना उचलण्यासही कोणी येऊ शकले नाही. रतनदेवी नावाच्या स्त्रीने पतीच्या शवाशेजारी बसून ती सारी रात्र काढली. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे तिने दिलेली साक्ष आजही वाचवत नाही. गांधीजी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्यासोबत त्या समितीवर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, ही गोष्ट महाराष्ट्राने ध्यानी ठेवावी अशी आहे.

येथून पुढे जागेचा प्रश्न सुरू होतो. या बागेत कापडाचा बंदिस्त बाजार बांधावा आणि रक्ताच्या खुणा पुसून टाकाव्यात, असा बेत राज्यकर्त्यांच्या बाजूने शिजत होता, असे सांगितले जाते. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्यात अशक्य असे काहीच नव्हते. ऐन शहरात, पेठांच्या शेजारी, एवढी मोकळी जागा शोधूनही मिळाली नसती. गाळे हातोहात गेले असते. बाजार ही काही वाईट वस्तू नव्हे, त्यावर शेकडो कुटुंबांची चूल पेटते. परंतु ज्या भिंतींत गोळ्या रुतल्या त्याच भिंतींना टेकून ठाणांच्या चळती लागल्या असत्या, तर दहा-वीस वर्षांत त्या गोळ्यांचे काय झाले असते, हे सांगावयास नको. विसरण्यासाठी माणसाला कोणी बळजबरी करावी लागत नाही. रोजचा व्यवहार ते काम आपोआप करतो.

हा बेत हाणून पाडण्यात एका साध्या वैद्याचा वाटा मोठा आहे. डॉ. षष्ठीचरण मुखर्जी हे मूळचे बंगालमधील हुगळीकडचे होमिओपॅथ. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या सांगण्यावरून ते अमृतसरला आले होते. त्या सायंकाळी ते स्वतः बागेत होते व थोडक्यात बचावले, असे त्यांच्या घराण्यात सांगितले जाते. डिसेंबर १९१९ मध्ये पंडित मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन अमृतसरलाच भरले. ही जागा राष्ट्राने विकत घ्यावी, असा ठराव त्या वेळी मोठ्या उत्साहात संमत झाला. विश्वस्त नेमले गेले. त्यांत गांधीजी व मालवीयजी होते.

ठराव करणे सोपे, रक्कम उभी करणे अवघड. हिस्सेदार अनेक, किंमत पाच लाखांवर, आणि तीही त्या काळचे पाच लाख. गांधीजींनी आत्मकथेत या निधिसंकलनाची हकीकत दिली आहे. राजे-महाराजांकडून देणग्या मिळविण्यात मालवीयजींचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु या कामासाठी संस्थानिकांच्या दारी जाणे शक्यच नव्हते, कारण इंग्रज सरकारचा रोष कोण ओढवून घेणार? तेव्हा भार पडला तो सामान्य नागरिकांवर व व्यापारीवर्गावर. मुंबईकरांनी सढळ हाताने दिले, असे गांधीजींनी आवर्जून नोंदविले आहे. १९२० साली जागा राष्ट्राच्या नावावर झाली. डॉ. मुखर्जी विश्वस्त मंडळाचे पहिले सचिव झाले, आणि पुढे त्यांच्या मुलाने व नातवानेही हीच सेवा चालविली.

जागा मिळाली, परंतु तिच्यावर काय उभारावे? या प्रश्नाने सर्वांची परीक्षा पाहिली. १९२० च्या एप्रिलमध्ये मुंबईत भरलेल्या स्मरणसभेसाठी कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर यांनी जो संदेश पाठविला, त्याचा आशय विचार करावयास लावणारा आहे. याच हत्याकांडाच्या निषेधार्थ त्यांनी 'सर' ही पदवी टाकली होती. तरीही, अन्यायाची व क्रोधाची आठवण दगडांत कोरून ती पुढील पिढ्यांच्या माथी मारू नये, जे वंदनीय असेल त्याचेच स्मारक असावे, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींना स्मारक हवे होते, मात्र ते द्वेष जागता ठेवण्यासाठी नको होते. निरपराधांचे रक्त जेथे एकत्र मिसळले ती भूमी हिंदू, मुसलमान व शीख यांच्या ऐक्याची खूण व्हावी, ही त्यांची धारणा होती.

पण दैवाचा खेळ असा की ते ऐक्यच हरपले. आत्मकथेचे शेवटचे प्रकरण १९२९ साली प्रसिद्ध झाले. त्या सुमारास लिहिताना गांधीजी म्हणतात की न्यासाच्या नावे बँकेत चांगली शिल्लक आहे, परंतु ज्या तीन समाजांचे रक्त येथे एक झाले तेच आज एकमेकांविरुद्ध उभे आहेत, त्यामुळे या निधीचा विनियोग कसा करावा हे राष्ट्राला उमगत नाही. कोणत्याही विश्वस्ताने हा मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा. पैसा नसल्याने अडलेली कामे पुष्कळ असतात. येथे पैसा होता, जागा होती, ठरावही होता. ज्या भावनेचे स्मारक करावयाचे ती भावनाच जाग्यावर नव्हती. अशा वेळी घाईने काही उभारण्याऐवजी विश्वस्तांनी जागा राखली. पुढे १९४७ च्या फाळणीत खुद्द अमृतसर होरपळून निघाले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली संसदेने जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारक कायदा केला. विश्वस्तांमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद यांच्यासह डॉ. किचलू यांचे नाव होते. ज्यांच्या अटकेच्या निषेधार्थ ती सभा भरली होती, तेच बत्तीस वर्षांनी त्या भूमीचे विश्वस्त झाले. बेंजामिन पोल्क या भारतात काम करणाऱ्या अमेरिकन वास्तुविशारदाने आराखडा केला. ज्योतीच्या आकाराचा, वर निमुळता होत जाणारा लाल दगडाचा स्तंभ उभा राहिला. १३ एप्रिल १९६१ रोजी, बरोबर बेचाळीस वर्षांनी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती राखल्या गेल्या, विहीर राखली गेली, आणि सैनिक ज्या बोळातून आत आले तो बोळही राहिला.

प्रश्न मात्र तेथे संपला नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नूतनीकरण केलेला परिसर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुला झाला. त्या अरुंद बोळाच्या भिंतींवर आता मानवी आकृतींची शिल्पे आहेत, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आहे. नव्या पिढीला इतिहास उमगावा यासाठी हे आवश्यक होते, असे काहींचे म्हणणे. उलट, बोळाची ती उघडी, दाटलेली भिंतच खरी साक्षीदार होती, तिच्यावर सजावट करणे म्हणजे साक्ष झाकणे, असा आक्षेप अनेक इतिहासकारांनी घेतला. दोन्ही बाजूंचा हेतू स्मरणाचाच आहे. परंतु एवढे खरे की नवी शिल्पे केव्हाही घडविता येतात, जुनी भिंत एकदा गेली की पुन्हा बांधता येत नाही.

बाजाराच्या भावाने पाहता ही जागा गेल्या शंभर वर्षांत काहीच 'उत्पन्न' देत नाही. तरीही ती विकत घेण्यासाठी ज्या अनाम दुकानदारांनी, नोकरदारांनी आपल्या कमाईतून रुपया-दोन रुपये दिले, त्यांचा व्यवहार तोट्याचा ठरला असे कोण म्हणेल? त्या रकमेतून त्यांनी पुढील पिढ्यांसाठी शांतपणे उभे राहण्याची जागा घेऊन ठेवली. तेथे काय बांधावे याचे उत्तर प्रत्येक पिढी आपल्या बुद्धीप्रमाणे देईल. ती जागा जपून पुढच्या हाती सोपविणे, हे मात्र प्रत्येक पिढीचे विश्वस्तपण आहे.