दोन घड्याळं: इंग्लंडमधलं विनापरवाना बांधकाम आणि तक्रारीची मुदत

आज आपण इंग्लंडमधल्या एका घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू. शेजाऱ्याने परवानगी न घेता बांधलं आणि कौन्सिल गप्प बसली, तर दाद कधीपर्यंत मागता येते? इथे दोन वेगळी घड्याळं चालतात, आणि माणसं नेमकी त्यांची गल्लत करतात.

पहिलं घड्याळ बांधकामाचं. १९४७च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने बांधकामाला परवानगी सक्तीची केली. कोणी तशीच इमारत उठवली, तर कौन्सिलने ४ वर्षांच्या आत नोटीस काढायची. मुदत टळली की विषय संपला. आपण म्हणू, हे तर चोराला बक्षीस झालं! पण तेच घर पुढे कोणी प्रामाणिकपणे विकत घेतलं, तर त्याच्या डोक्यावर जन्मभर टांगती तलवार ठेवायची का? मुदतीमागे हाही न्याय आहेच.

१९६८मध्ये जागेच्या वापरबदलाची मुदत बहुतांशी काढून टाकली. १९९१मध्ये ती १० वर्षांची होऊन परत आली. इमारतीला मात्र ४च राहिली. मग काय, लोक लपवू लागले. वेल्विन हॅटफील्डच्या हद्दीत एकाने परवानगी घेतली वैरणीच्या कोठाराची. बाहेरून कोठारच दिसे, आत मात्र नांदतं घर! ४ वर्षं भरल्यावर त्याने हक्क सांगितला. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की फसवणूक करून मुदतीचा फायदा मिळणार नाही. त्याच वर्षी लपवाछपवीविरुद्ध कायद्यात तरतूदही आली. आणि २५ एप्रिल २०२४पासून इंग्लंडमध्ये सरसकट १० वर्षं झाली. त्याआधी बहुतांशी पूर्ण झालेल्या इमारतींना जुनाच नियम.

आता दुसरं घड्याळ, तक्रारदाराचं. १९७४च्या कायद्याने स्थानिक कारभारासाठी लोकपाल नेमले. कौन्सिलने तुमची तक्रार नीट हाताळली नाही, तर त्यांच्याकडे जायचं. पण ती गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत. सबळ कारण असेल तर लोकपाल सूट देऊ शकतात, पण तो त्यांचा अधिकार, आपला हक्क नव्हे. शिवाय आधी कौन्सिलकडेच तक्रार करावी लागते. आणि कारवाई करायची की नाही, हे कौन्सिल ठरवते. लोकपाल पाहतात ते एवढंच, की निर्णय रीतसर घेतला का.

म्हणजे गंमत बघा. बांधणाऱ्याला पकडायला कौन्सिलकडे १० वर्षं, आणि कौन्सिलला जाब विचारायला शेजाऱ्याकडे एकच. 'चौकशी चालू आहे' या उत्तरावर विसंबून जो सभ्यपणे थांबतो, त्याचंच वर्ष सरतं. या इतिहासात मुदती वाढल्या, कमी झाल्या, त्या बांधणाऱ्यावरच्या कारवाईच्या. शेजाऱ्याचं घड्याळ अजून १२ महिन्यांवरच आहे. म्हणून आम्ही एवढंच सांगू: पहिल्या पत्राची तारीख लिहून ठेवा. आपलं वर्ष मोजायला तीच कामी येते.